हात वर केल्यानंतर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषय साधाच होता. गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घ्यायची, तिची गळती काढायची आणि त्यासाठी दोन दिवस पाणी बंद ठेवायचं. सेक्रेटरींनी विचारलं, "कोण कोण अनुकूल?" सगळ्यांचे हात वर झाले. ठराव संमत झाला, चहा आला, बिस्किटं आली. मी फक्त एवढंच विचारलं, "कामाला येणाऱ्या बायकांना कोण सांगणार? त्या सकाळी सहाला येतात. नळ कोरडे पाहून परत जातील, आणि तो खाडा कुणाच्या नावावर लागेल?" सभेत थोडी शांतता पसरली. मग सेक्रेटरी हसून म्हणाले, "ते होईल हो, काकू."

"ते होईल" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. तो का येतो, हे सांगण्यासाठी आज मी तुमच्यासमोर आले आहे.

आपल्या भाषेत "हात वर करणं" याला दोन अर्थ आहेत. एक मत देणं आणि दुसरा जबाबदारी झटकून मोकळं होणं. लहानपणी मला याची गंमत वाटायची. पुढे परदेशात, एका चर्चच्या थंडगार खोलीत, हे दोन्ही अर्थ मी एकाच वेळी खरे करून दाखवले. तेव्हापासून गंमत वाटेनाशी झाली.

मी पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे चर्चला अजूनही 'देऊळ' म्हणतात आणि तिथं जमणाऱ्या लोकांना 'मंडळी'. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला वेगवेगळे पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं, तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी आमची मंडळी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली. वडील मंडळीच्या कमिटीवर होते. महिन्यातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून सभेला जायचे आणि रात्री उशिरा परत यायचे. आई वेदीवरची पांढरी वस्त्रं घरी आणून धुवायची, नीळ घालायची, खळ द्यायची. हंगामाच्या सणाला लोक भोपळे, कोंबड्या, अंडी, ज्वारीची कणसं घेऊन येत. देवळाच्या आवारात त्यांचा लिलाव होई. लिलाव पुकारणारे वडील आणि दोनशे माणसांचा चहा करणारी आई. आईला कमिटीनं कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. तिनं तशी तक्रार केल्याचंही आठवत नाही.

१९८९ साली लग्नानंतर मी नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गगनचुंबी इमारती येतात. आम्ही मात्र त्या राज्याच्या उत्तर भागातल्या एका लहान गावात राहिलो. तिथला बर्फ नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलमध्ये नाइलाजानं जातो. पहिल्या हिवाळ्यात एकटेपणानं जीव नकोसा झाला, तेव्हा एका रविवारी मी गावातल्या दगडी एपिस्कोपल चर्चमध्ये जाऊन बसले. उपासनेचा क्रम माझ्या ओळखीचा निघाला. शब्द इंग्रजी होते, पण कुठं उठायचं, कुठं गुडघे टेकायचे, ते माझ्या पायांना पुण्यापासून ठाऊक होतं. उपासना संपल्यावर तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी होती. कॉफी पिऊन झाल्यावर एका बाईंनी माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाल्या, "तू पूस, मी धुते." त्या दिवशी मी त्या मंडळीची झाले. कागदावर नाव नंतर लागलं.

या एपिस्कोपल चर्चविषयी दोन शब्द सांगायला हवेत. 'एपिस्कोपल' हा शब्द बिशप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ देखरेख करणारा. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी लढाई केली, तेव्हा तिथल्या इंग्लिश चर्चची मोठी पंचाईत झाली, कारण त्या चर्चचा प्रमुखच राजा. राजा गेला, मग आता निर्णय घ्यायचे कुणी? १७८२ साली फिलाडेल्फियातल्या विल्यम व्हाइट नावाच्या धर्मगुरूंनी एक पुस्तिका लिहून मांडलं की चर्चच्या कारभारात धर्मगुरूंबरोबर सामान्य सभासदांनाही आवाज हवा. १७८९ साली या चर्चनं स्वतःची घटना स्वीकारली, आणि तेव्हापासून त्याच्या सर्वोच्च सभेत बिशपांचं एक सभागृह आणि दुसरं निवडलेल्या प्रतिनिधींचं. या दुसऱ्या सभागृहात धर्मगुरू आणि साधी माणसं शेजारी शेजारी बसतात. बिशपसुद्धा वरून नेमलेला नसतो, धर्मप्रांताच्या सभेत मतदानानं निवडलेला असतो. म्हणजे नाव बिशपचं, पण त्याला खुर्चीवर बसवणारी मंडळी.

गावातल्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला 'व्हेस्ट्री' म्हणतात. हा शब्द मुळात वस्त्रं ठेवायच्या खोलीचा. धर्मगुरूंचे झगे जिथं टांगलेले असत, त्या खोलीत सभा भरायची, म्हणून सभेलाच ते नाव पडलं. आपला 'वस्त्र' आणि तो 'व्हेस्ट्री' भाषेच्या दृष्टीनं लांबचे बहीण-भाऊ आहेत. मला हे कळलं तेव्हा आईची नीळ घातलेली पांढरी वस्त्रं आठवली. ज्या खोलीत वस्त्रं असतात तिथं आईचं राज्य असायला हवं होतं!

आमच्या व्हेस्ट्रीत दोन वॉर्डन आणि नऊ सभासद. दर जानेवारीत वार्षिक सभा भरायची. नऊपैकी तिघांची मुदत संपायची आणि नवे तिघे तीन वर्षांसाठी निवडले जायचे. अध्यक्षस्थानी 'रेक्टर', म्हणजे मंडळीचे मुख्य धर्मगुरू. कामांची वाटणी स्पष्ट होती. उपासना कशी व्हावी हा अधिकार रेक्टरचा, आणि इमारत, पैसा, करार ही जबाबदारी व्हेस्ट्रीची. नवा रेक्टर निवडण्याचं कामही व्हेस्ट्रीचंच, बिशपच्या संमतीनं. सरकारकडून एक पैसा मिळत नाही. दर शरद ऋतूत प्रत्येक घर पुढच्या वर्षी किती देणार ते एका कार्डावर लिहून देतं, आणि त्या वचनांवर अंदाजपत्रक उभं राहतं. त्यातून रेक्टरचा पगार, त्यांचं निवृत्तिवेतन, वीज, विमा, ऑर्गन वाजवणाऱ्याचं मानधन आणि धर्मप्रांताचा वाटा. उरलं तर छप्पर.

आणि या सगळ्याच्या खाली असतं न दिसणारं काम. रविवारच्या दानाची मोजदाद नेहमी दोघांनी करायची, आणि ते दोघे एका घरातले नकोत. वेदीची भांडी घासणारा गट, फुलांचा गट, पायऱ्यांवरचा बर्फ खरवडून मीठ टाकणारे आजोबा, आजारी माणसाच्या घरी तीन दिवस जेवण पोचवणाऱ्या बायका. आणि आमच्याकडे होतं गुरुवारचं जेवण. संध्याकाळी साडेपाचला हॉलचं दार उघडायचं. जो येईल त्याला सूप, पाव, एखादी गरम भाजी आणि मांस. नाव विचारायचं नाही, प्रार्थनेची सक्ती नाही. चाळीसएक माणसं यायची. काही बेघर, काही कामावरून थेट आलेली, काही नुसतीच एकटी.

ते स्वयंपाकघर चालवणाऱ्या एक बाई होत्या. कृष्णवर्णीय, सत्तरीच्या पुढच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या. मी त्यांना मनात 'आक्का' म्हणायचे, आजही तेच म्हणते. आक्कांकडे एक वही होती. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दात नाहीत म्हणून पाव भिजवून द्यायचा, कुणाचा वाढदिवस कधी, सगळं त्या वहीत. आक्का व्हेस्ट्रीवर कधीच नव्हत्या. मी मात्र दोनदा निवडून आले. अक्षर चांगलं म्हणून मला 'क्लार्क' केलं होतं, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणारी.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. साल २०१५. आमच्या रेक्टरबाई आदल्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या होत्या आणि नव्या रेक्टरचा शोध चालू होता. दर रविवारी बाहेरून कुणी धर्मगुरू येऊन उपासना घ्यायचे, बाकी कारभार सीनियर वॉर्डन पाहायच्या. फेब्रुवारीत थंडीनं कहर केला. रात्री पारा उणे वीसच्या खाली जायचा. अशातच एका सोमवारी तळघरातला जुना बॉयलर बंद पडला. संपूर्ण इमारतीची ऊब त्याच्यावर. मिस्त्री आला, आत टॉर्च मारून पाहिलं आणि डोकं हलवलं. दुरुस्ती नाही, नवा घ्यायचा. अंदाज बेचाळीस हजार डॉलरचा.

मंगळवारी, दहा फेब्रुवारीला रात्री तातडीची सभा बसली. अकरापैकी दहाजण हजर, सगळे कोट घालून, तोंडातून वाफा निघताहेत. खजिनदारांनी हिशेब मांडला. चालू खात्यात दोन महिन्यांपुरते पैसे. एका जुन्या सभासदबाईंनी मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली होती, पण ती फक्त ऑर्गन आणि संगीतासाठी. तिला हात लावणं कायद्यानं शक्य नव्हतं. खरी धास्ती नळांची होती. ऊब नसेल तर नळातलं पाणी गोठतं, पाइप फुटतात, आणि मग बेचाळीस हजारांचे लाख व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ठराव आला. हॉल आणि स्वयंपाकघर यांचं पाणी लगेच काढून टाकायचं, दोन्ही ईस्टरपर्यंत बंद ठेवायचे, आणि उपासना शेजारच्या लहान प्रार्थनाखोलीत विजेच्या शेगड्यांवर चालवायची. गुरुवारचं जेवण तोवर स्थगित.

एक तरुण सभासद म्हणाला, "आधी दुसरी जागा शोधू, मग बंद करू." यावर अर्धा तास चर्चा झाली. पण पाइपांची भीती सगळ्यांच्या मानगुटीवर बसली होती. मतदान झालं. सहा विरुद्ध चार. त्या सहांत माझा हात होता. निघताना कुणीतरी विचारलं, "जेवणाच्या लोकांना कळवायला हवं ना?" कुणीतरी उत्तर दिलं, "हो हो, ते होईल."

श्रोतेहो, तो निर्णय मूर्खपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. आकडे खरे होते, भीती खरी होती. ज्युनियर वॉर्डननी बुधवारी सकाळी स्वतः येऊन सगळ्या नळांचं पाणी उतरवलं. त्यांनी त्यांचं काम चोख केलं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास मी घरी बसून इतिवृत्त टाइप करत होते. "ठराव सहा विरुद्ध चार मतांनी संमत" हे वाक्य नुकतंच लिहून झालं होतं. फोन वाजला. आक्का होत्या. चर्चच्या स्वयंपाकघरातून बोलत होत्या. त्यांनी इतकंच विचारलं, "नळाला पाणी का येत नाही?"

मला काय बोलावं ते सुचेना. मग मी सगळं सांगितलं. बॉयलर, पाइप, मतदान. आक्का गप्प होत्या. दहा किलो कांदे-बटाट्यांच्या पिशव्या घेऊन त्या त्या बर्फात बसनं आल्या होत्या. मला वाटलं, आता त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "बरं. आणि साडेपाचला जे येणार आहेत, त्यांना कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. दारावर साधा कागदसुद्धा नव्हता. सहाजणांना वाटलं होतं ठराव झाला म्हणजे काम झालं, आणि ज्या चौघांनी विरोध केला त्यांना वाटलं, ज्यांनी ठराव केला ते निस्तरतील. प्रत्येकाला दुसऱ्यावर विश्वास होता. आणि कळवण्याचं काम जर खरंच कुणाचं असेल, तर ते क्लार्कचं, म्हणजे माझं होतं. मी मात्र घरात, हीटरजवळ, स्वच्छ भाषेत इतिवृत्त लिहीत बसले होते.

मी गाडी काढली. वाटेत दुकानातून पाव, पीनट बटर, केळी घेतली आणि शेंगदाणा न चालणाऱ्यांसाठी चीज. वही आक्कांना पाठ होती. प्रार्थनाखोलीतल्या विजेच्या भांड्यात कॉफी उकळली. साडेपाचला अंधारात आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहून कागदी पिशव्या वाटू लागलो. उणे चौदा अंश. आक्का प्रत्येकाला नावानं हाक मारून सांगत होत्या, "आज आत येता येणार नाही. पुढच्या आठवड्याचं मी बघते." 'आम्ही बघतो' असं त्या म्हणाल्या नाहीत. ते माझ्या कानाला लागलं.

एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन नेहमी यायचे. ती मुलगी हॉलमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर शाळेचा अभ्यास करायची, कारण तिथं उजेड असे आणि ऊब. तिनं पाठीवर दप्तर आणलं होतं. मी त्यांची माफी मागू लागले. ते म्हणाले, "राहू द्या बाई, आम्हाला सवय आहे." आणि दोघं निघून गेले.

बंद दाराची सवय. मी तिथंच खिळून राहिले.

त्या रविवारी आलेल्या धर्मगुरूंनी प्रवचनात अ‍ॅब्सलम जोन्स यांची आठवण काढली. एपिस्कोपल चर्च दर वर्षी तेरा फेब्रुवारीला, त्यांच्या पुण्यतिथीला, त्यांचं स्मरण करतं. जोन्स १७४६ साली गुलाम म्हणून जन्मले. पैसा पैसा जोडून त्यांनी आधी पत्नीचं स्वातंत्र्य विकत घेतलं, मग स्वतःचं. १७९३ साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे पाच हजार माणसं गेली. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. तेव्हा जोन्स आणि त्यांचे मित्र रिचर्ड अ‍ॅलन यांनी कृष्णवर्णीयांना संघटित करून आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं उचलली, पुरली. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही असं तेव्हाच्या नामांकित डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते साफ खोटं ठरलं, त्यांच्यातलेही शेकड्यांनी मेले. पुढच्याच वर्षी जोन्स यांच्या मंडळीला एपिस्कोपल चर्चमध्ये घेतलं गेलं आणि पुढे काही वर्षांनी जोन्स या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. पण एक अट होती. त्यांच्या मंडळीनं धर्मप्रांताच्या सभेत प्रतिनिधी पाठवायचे नाहीत. सामान्य माणसाला आवाज हवा असं सांगणारे विल्यम व्हाइट तेव्हा तिथले बिशप होते. शहर तेच, चर्च तेच. ती अट जवळजवळ सत्तर वर्षं टिकली. प्रेतं उचलायला हात चालले, मत द्यायला नाही.

स्त्रियांची कहाणी वेगळी नाही. याच चर्चच्या बायकांनी १८८९ पासून घरोघर निळ्या डब्यांत नाणी साठवून मोठमोठ्या रकमा उभ्या केल्या. पण सर्वोच्च सभेत प्रतिनिधी म्हणून बसायला त्यांना १९७० साल उजाडावं लागलं. मी प्रवचन ऐकत होते आणि माझी नजर पुढच्या बाकावर बसलेल्या आक्कांच्या पाठीवर होती. मला पुण्यातली आई दिसत होती. दोनशे माणसांचा चहा करणारी. आईला न विचारणाऱ्या कमिटीचा मला राग यायचा. आता त्या कमिटीत मी होते.

उपासनेनंतर लगेच व्हेस्ट्री पुन्हा बसली. गुरुवारचा प्रकार मी लेखी मांडला, स्वतःच्या चुकीसकट. सीनियर वॉर्डननी आक्कांना आत बोलावलं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, कोट न काढता. त्या दोनच मिनिटं बोलल्या. त्यांचं म्हणणं असं होतं, "बॉयलर बंद पडला, तो कुणाचा दोष नाही. पाणी काढलंत, तेही बरोबर. पण दोन गल्ल्या पलीकडे मेथॉडिस्ट चर्चचा हॉल आहे. तिथं सोमवारचं जेवण माझी चुलत बहीण करते. गुरुवारी तो हॉल रिकामा असतो. मला मंगळवारी रात्री एक फोन केला असता, तर बुधवारी सकाळी किल्ली माझ्या हातात असती. तुम्ही सगळ्यांचा हिशेब केलात. मला विचारायचं राहिलं."

कुणी काही बोललं नाही. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. चार दिवसांत आम्ही जे 'अशक्य' म्हणून लिहून ठेवलं होतं, ते एका फोनचं काम निघालं. आमच्याकडे कागद होते, आक्कांकडे माणसं होती. निर्णयाला दोन्ही लागतात, हे त्या खोलीतल्या दहा शिकल्यासवरल्या माणसांच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढचे सात गुरुवार जेवण मेथॉडिस्टांच्या हॉलमध्ये झालं. सातवा गुरुवार म्हणजे पवित्र सप्ताहातला, येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं आणि त्यांचे पाय धुतले त्या दिवसाची आठवण. त्या रात्री उपासना आमच्या प्रार्थनाखोलीत होती, पण मी आधी त्या हॉलमधली भांडी घासायला गेले. व्हेस्ट्रीतले आणखी पाचजण आले होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. नवा बॉयलर ऑक्टोबरात बसला. काही लोकांनी वचनापेक्षा जास्त दिलं, धर्मप्रांतानं कर्ज दिलं, ते पुढे वर्षानुवर्षं फेडत राहिलो. दोन कुटुंबं मात्र नाराज होऊन मंडळी सोडून गेली. त्यांना वाटलं, सगळा वेळ बाहेरच्यांच्या जेवणात जातो. एकत्र निर्णय घेणं म्हणजे सगळे खूश होणं नव्हे, हेही तेव्हाच कळलं.

आणि ते गृहस्थ आणि त्यांची मुलगी पुन्हा आले नाहीत. मेथॉडिस्टांच्या हॉलमध्ये नाहीत, आमचा हॉल उघडल्यावरही नाहीत. आक्कांनी चौकशी केली, मी केली. गाव सोडलं असेल, कुठं काम मिळालं असेल. मी तसंच मानायचा प्रयत्न करते. पण कोपऱ्यातलं ते टेबल मोकळं दिसलं की मला माझा वर झालेला हात आठवायचा.

त्यानंतर आम्ही एक साधा नियम केला. इतिवृत्ताच्या कागदावर उजवीकडे एक उभी रेघ मारायची. प्रत्येक ठरावासमोर त्या रेघेपलीकडे तीन गोष्टी लिहायच्या. हे कोण करणार, कधीपर्यंत करणार, आणि ज्यांच्यावर याचा परिणाम होणार त्यांना कोण सांगणार. तिसऱ्या रकान्यात 'सगळे' किंवा 'व्हेस्ट्री' असं लिहायला बंदी. एका माणसाचं नाव हवं. आणि ज्या कामाविषयी ठराव आहे ते काम करणारं माणूस खोलीत नसेल, तर आधी त्याला फोन करायचा, मग हात वर करायचे. सभा लांबू लागल्या हे खरं. पण नंतरची निस्तरानिस्तर कमी झाली.

पुढच्या जानेवारीत वार्षिक सभेत कुणीतरी आक्कांचं नाव व्हेस्ट्रीसाठी सुचवलं. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या सभा रात्री साडेनऊपर्यंत चालतात. मी आठला झोपते." सगळे हसले. मग सभाच सहा वाजता घ्यायचं ठरलं आणि आक्का निवडून आल्या. नव्या रेक्टरची निवड अंतिम टप्प्यात आली, तेव्हा मुलाखतीत आक्का प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारायच्या. "उपासना संपल्यावर तुम्ही कुठं असता?" एकानं सांगितलं, दारात उभा राहून लोकांशी हस्तांदोलन करतो. एकानं सांगितलं, दमलेला असतो, खोलीत बसतो. एका बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "खुर्च्या उचलून ठेवते. माणसं खुर्च्या उचलताना जे बोलतात ते एरवी कधी बोलत नाहीत." त्या आमच्या रेक्टर झाल्या. अर्थात, व्हेस्ट्रीचं रीतसर मतदान आणि बिशपची संमती घेऊन!

२०१९ साली आम्ही पुण्याला परत आलो. आई आता नाही. मी तिच्याच देवळात जाते. माझ्या ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा चर्चशी संबंध नसेल. पण तुमची सोसायटी असेल, गणेश मंडळ असेल, भिशी असेल, शाळेची पालक सभा असेल. सगळीकडे एक टेबल असतं आणि टेबलाभोवती बसलेली माणसं असतात. आणि भिंतीपलीकडे कुणीतरी चहा करत असतं. ठराव टेबलावर होतो, पण तो पोचतो भिंतीपलीकडे. मधलं अंतर कुणीतरी चालून जावं लागतं. ते अंतर चार पावलांचं असतं. तरीही बहुतेक निर्णय त्या चार पावलांतच गारठून पडतात.

तर, आमच्या टाकीचं काय झालं? सभेच्या दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे वही घेऊन गेले आणि उजवीकडे रेघ मारून दाखवली. त्यांनी जरा वैतागून विचारलं, "म्हणजे नाव कुणाचं घालू?" मी म्हटलं, "माझं घाला." त्या संध्याकाळी मी आणि वॉचमन मिळून फाटकावर मोठ्या अक्षरात कागद लावला. मग लक्षात आलं, कामाला येणाऱ्या तिघींना वाचता येत नाही. सकाळी सहाला खाली उतरून मी फाटकापाशी उभी राहिले. एकेकीला सांगितलं, कोणत्या दोन दिवशी पाणी नसेल, आणि त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत हे घरोघर बोलून ठेवलंय. एकजण म्हणाली, "काकू, टाकीचं झाकण मोडलंय, ते बदललं नाही तर परत महिनाभरात कबुतरं घाण करतील. मी कधीची सांगतेय, पण सांगायचं कुणाला?"

झाकणाचा विषय पुढच्या सभेत घेतला आहे. तिलाही बोलावलं आहे.